वेळेवर काम होते, तरी बढती का अडते?

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली चार वर्षे प्रॉडक्ट मॅनेजर आहे. त्याआधी याच कंपनीत मी टेस्टिंगमध्ये होते. फौंड्री म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने आणि मशीन शॉप यांना उत्पादनाच्या नोंदी ठेवता याव्यात, अशी प्रणाली आम्ही बनवतो. कोविडच्या काळात घरी आले ती इथेच राहिले. महिन्यातून एकदा पुण्याला जाते. सीनियर प्रॉडक्ट मॅनेजर या पदासाठी सलग दोन वर्षे माझे नाव गेले आणि दोन्ही वेळा परत आले. ‘स्ट्रॅटेजिक विचार वाढवा’ आणि ‘तुमचे काम दिसत नाही’ एवढेच कारण मला सांगितले गेले. गेल्या वर्षात मी अकरा फीचर वेळेवर दिली, माझ्यामुळे एकही रिलीज लांबले नाही. माझ्यानंतर दीड वर्षाने लागलेल्या सहकाऱ्याला मात्र बढती मिळाली; तो सदा सेल्सच्या लोकांत बसलेला असतो. मी एमबीए करावे, पुण्याला राहायला जावे, की सरळ नोकरी बदलावी?

— एक वाचक, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सुचवलेल्या तिन्ही मार्गांविषयी शेवटी लिहितो, कारण तुमच्या पत्रातून जे दुखणे दिसते त्यावर त्यांपैकी एकही थेट औषध नाही. आधी तुमच्या एका वाक्याकडे वळू. ‘अकरा फीचर वेळेवर दिली’ हा तुम्हाला बढतीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. बढती ठरवणाऱ्यांनी तो वाचला असेल तेव्हा त्यांना त्यातून एवढेच कळले असेल, की ही व्यक्ती आज ज्या पदावर आहे त्या पदाचे काम उत्तम करते. त्याबद्दल चांगली पगारवाढ मिळते आणि मिळायलाही हवी. वरचे पद मात्र, देखरेखीशिवाय किती मोठा आणि किती अस्पष्ट प्रश्न तुमच्यावर सोपवता येतो, यावर ठरते; आणि अकरा या आकड्यात त्या प्रश्नाचे उत्तर नाही.

प्रॉडक्ट मॅनेजमेंटमधील पायऱ्यांची नावे कंपनीगणिक बदलतात, पण त्यांमागची वाटणी बरीचशी सारखी असते. असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजरला काम आणि ते करण्याची रीत दोन्ही दाखवली जाते. प्रॉडक्ट मॅनेजरला समस्या सांगितली जाते आणि तिचे उत्तर त्याने शोधायचे असते. सीनियरला केवळ उद्दिष्ट सांगितले जाते, उदाहरणार्थ लहान कारखाने वर्षभरात आपली प्रणाली सोडून जातात ते थांबवायचे आहे. आता समस्या नेमकी कोणती, ती सोडवण्याजोगी आहे का, आणि तिच्यासाठी हातातली कोणती कामे बाजूला ठेवायची, हे त्यानेच ठरवायचे. त्यापुढे वाट दुभंगते : काही जण माणसे सांभाळत ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर आणि डायरेक्टर होतात, काही जण माणसे न सांभाळता प्रिन्सिपल होऊन अधिक अवघड प्रश्न हाताळतात. तुम्हाला यांपैकी काय आवडेल हे आजच ठरवण्याची गरज नाही. ‘स्ट्रॅटेजिक विचार वाढवा’ या गुळगुळीत शेऱ्याचा मी लावलेला अर्थ असा, की समस्या तुम्ही स्वतः शोधून काढली आणि काय करायचे नाही हेही तुम्हीच ठरवले, असा एकही प्रसंग तुमच्या कागदांत त्यांना सापडला नाही. तसा प्रसंग घडलाच नसेल किंवा घडून कोणी लिहिला नसेल. यांपैकी खरे काय, ते तुम्हालाच ठाऊक.

हे हवेत राहू नये म्हणून तुमच्याच क्षेत्रातले उदाहरण घेतो. अकरांपैकी एखादे फीचर रिजेक्शनच्या नोंदीचे असेल असे धरून चालू : कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, नापास झाले की सुपरवायझरने टॅबवर यादीतून कारण निवडायचे, आणि महिनाअखेर मालकाला रंगीत आलेख मिळायचा. हे वेळेवर तयार झाले, चालू झाले, तुमच्या यादीत त्यावर बरोबरची खूण पडली. पण ओतकामातला दोष ज्या दिवशी घडतो त्या दिवशी तो पुष्कळदा दिसत नाही. वाळूत ओल जास्त राहिल्यामुळे पडलेले ब्लो होल, म्हणजे वायूमुळे राहिलेली पोकळी, कातडीखाली लपून राहते, फेटलिंगमधूनही, म्हणजे कास्टिंगच्या साफसफाईतूनही, निसटते आणि मशीन शॉपमध्ये पहिला कट घेतल्यावर उघडे पडते; कधी तर ते ग्राहकाच्या कारखान्यात उघडे पडते आणि तिथून माल परत येतो. तोवर मधे कित्येक दिवस गेलेले असतात, त्या पाळीचा माणूस दुसऱ्या पाळीत असतो, आणि ज्याच्या हाती टॅब असतो तो यादीत वर दिसणारे कारण निवडून मोकळा होतो. आलेख सुंदर निघतो आणि खोटा निघतो. कारण विचारणारे स्क्रीन चुकीच्या माणसासमोर चुकीच्या दिवशी येत असेल, तर ते स्क्रीन अधिक चांगले करून काहीही सुधारत नाही.

ही गोष्ट ज्याच्या लक्षात येते तो पुढचा प्रश्न विचारतो, की कास्टिंगवर उठवलेल्या हीट नंबरवरून, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूच्या क्रमांकावरून, किंवा तारखेच्या खुणेवरून त्या दिवशीचे ओतण्याचे तापमान आणि वाळूच्या चाचणीची नोंद यांपर्यंत मागे जाता येईल का. तसे जाता आले तर कारण कोणाला विचारावेच लागणार नाही. निदान शंकेची जागा तरी आपोआप समोर येईल. त्यासाठी कदाचित नवे स्क्रीन लागणार नाही, तर सँड लॅबमधील वहीतल्या नोंदी प्रणालीत आणाव्या लागतील, आणि त्या पायी आलेखांची पुढची आवृत्ती तीन महिने थांबवावी लागेल. तो थांबवण्याचा निर्णय, त्याची कारणे आणि त्यानंतर काय झाले, हे सीनियर पदाचे काम. त्यातून फीचर एकच निघाले तरी चालते. शून्य निघाले तरीही एखादे वेळी चालते, मात्र ते शून्य का, हे पटवून देता आले पाहिजे.

आणि इथे कोल्हापुरात राहण्याचा तुम्हाला असा फायदा आहे, जो तुमच्या पत्रात कुठेच आलेला नाही. तुमच्या पुण्यातील सहकाऱ्यांना ग्राहकाकडे जायचे म्हणजे सुमारे २३० किलोमीटरचा प्रवास, मंजुरी आणि मुक्काम; तुम्ही मात्र शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी जाऊन दुपारच्या मीटिंगला घरी परत येऊ शकता. प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाचे मूळ ज्या कागदात सांगितले जाते, तो प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीतील नील मॅकएलरॉय यांनी मे १९३१ मध्ये लिहिलेला तीन पानांचा मेमो आहे. एका ब्रँडची पूर्ण जबाबदारी एका माणसाने घ्यावी, असे सुचवताना त्यांनी त्या माणसाच्या कामांत हेही लिहिले होते, की जिथे खप कमी आहे त्या भागात त्याने स्वतः जाऊन विक्रेते आणि गिऱ्हाईक यांच्याकडून दुखणे शोधावे. (हेच मॅकएलरॉय १९४८ मध्ये त्या कंपनीचे अध्यक्ष आणि १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षण मंत्री झाले, पण त्यात मेमोचा वाटा किती, हा वेगळा विषय.) तुमच्या कंपनीला हे करायला परगावाहून माणसे पाठवावी लागतात. तुम्ही महिन्यातून दोन पाळ्या, त्यातली एक रात्रीची, फौंड्रीत उभ्या राहून पाहिल्या आणि जे पाहिले ते तारखेसह लिहून काढले, तर वर्षभरात तुमच्याकडे असे काही जमेल जे कंपनीत इतर कोणाकडेच नसेल. अर्थात आधी मालकाची परवानगी, सेफ्टी शूज आणि ग्राहकाची माहिती बाहेर न जाण्याची काळजी, हे सगळे ओघाने आलेच.

आता दुसरा शेरा, काम दिसत नाही हा. तो वाचून तुम्हाला राग आला असणार, कारण आपल्याकडे आपली टिमकी आपण वाजवू नये असेच घरात शिकवलेले असते, आणि शिकवण वाईट नाही. पण बढती कुठे ठरते ते पाहा. तुमचे मॅनेजर तुमच्या बाजूने टिपण लिहितात. ते टिपण चार-सहा मॅनेजरांच्या बैठकीत जाते, जिला बहुतेक ठिकाणी कॅलिब्रेशन म्हणतात. तिथे वेगवेगळ्या टीमची नावे शेजारी शेजारी ठेवून तोलली जातात, आणि एकेका नावाला फार वेळ मिळत नाही. त्या बैठकीत तुमच्यासोबत रोज काम केलेला बहुधा एकच माणूस असतो आणि तोही स्वतःच्या आणखी तीन नावांसाठी भांडत असतो. समोरचा कोणी विचारतो, ‘यांनी नेमके काय ठरवले?’ तेव्हा तुमच्या मॅनेजरांना दोन ठोस उदाहरणे आठवली नाहीत, किंवा इंजिनिअरिंग आणि सेल्सच्या प्रमुखांपैकी कोणी ‘हो, तो निर्णय त्यांचाच होता’ म्हणाले नाही, तर विषय तिथेच मिटतो. ही पद्धत न्याय्य आहे असा माझा दावा नाही. कार्यालयात समोर दिसणाऱ्या माणसाला तिच्यात झुकते माप मिळते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण ती अशीच चालणार असेल, तर त्या खोलीत तुमच्या वतीने बोलू शकेल असा कागद तुम्हालाच तयार ठेवावा लागेल.

त्यासाठी मी सुचवेन तो उपाय अगदी साधा आहे. दर मोठ्या निर्णयाच्या वेळी एक पान लिहा : प्रश्न काय, पर्याय कोणते, आपल्याला काय माहीत आहे आणि काय केवळ वाटते, निवड कोणती आणि ती का, आणि कोणती गोष्ट दिसली तर आपण मत बदलू. खाली पुन्हा पाहण्याची तारीख घाला. निर्णय घेण्यापूर्वी हे पान इंजिनिअरिंग, सेल्स आणि सपोर्टच्या लोकांना पाठवा, त्यांची हरकत त्यातच नोंदवा, आणि ठरलेल्या तारखेला त्याच पानाखाली काय झाले ते लिहा, अंदाज चुकला असला तरीही. एखाद्या मोठ्या ग्राहकाने फक्त स्वतःसाठी मागितलेला रिपोर्ट तुम्ही का नाकारला, हे पान तर कोणतेही फीचर दाखवणाऱ्या स्लाइडपेक्षा जड ठरते, कारण मागेल ते देणे सोपे असते आणि नकार देऊन ग्राहक टिकवणे अवघड. वर्षात अशी पाच-सहा पाने झाली तरी पुरे. यात फुशारकी येत नाही. काम करणाऱ्यांची नावे घ्यावीत, यश ‘आम्ही’ म्हणून लिहावे आणि निर्णय मात्र ‘मी’ म्हणून लिहावा, कारण तो चुकला असता तर दोष तुमच्याकडेच आला असता.

याच पानांतून आकड्यांची सवयही बदलेल. ‘फीचर दिले’ याच्या पुढे जाऊन, ते सुरू झाल्यावर आठव्या आठवड्यातही किती कारखाने वापरत होते, नापास कास्टिंगचे कारण सापडायला पूर्वी किती दिवस लागत आणि आता किती लागतात, वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी या भागाचा उल्लेख ग्राहकाने केला का, हे लिहा. आकडा मिळत नसेल तर तो मोजण्याची सोय करणे हेच पुढच्या तिमाहीचे पहिले काम समजा. मात्र आकडा आपल्यामुळेच हलला असे ठोकून देऊ नका. त्याच काळात ग्राहकाने वाळू मिसळण्याचे यंत्रच बदलले असेल तर तेही लिहा, कारण कॅलिब्रेशनमधला अनुभवी माणूस पहिली शंका तीच काढतो.

तुमच्या सहकाऱ्याविषयी तुम्ही लिहिलेले वाक्य मी दोनदा वाचले. तो सदा सेल्सच्या लोकांत बसलेला असतो, ही तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. मला ती त्याच्या बढतीचे निदान अर्धे कारण वाटते. प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली बहुधा कोणीच नसते. इंजिनिअर त्याचे ऐकायला बांधील नसतात, सेल्स तर मुळीच नाही. सौदा कोणत्या कारणाने हातचा गेला, ग्राहक किंमत ऐकून गप्प का झाला, समोरच्या कंपनीने काय कबूल केले, हे सेल्सच्या माणसाला माहीत असते आणि ते तो मीटिंगमध्ये सांगत नाही, चहाच्या वेळी सांगतो. कदाचित तुमचा सहकारी नुसता वशिल्याने पुढे गेला असेल. ते मला इथून कळणार नाही. पण गेल्या वर्षभरात त्याने कोणता किचकट, कोणाला नको असलेला विषय अंगावर घेतला होता, हे मन शांत ठेवून पाहा. तसा विषय सापडला तर तुमच्या कंपनीत बढतीची किंमत काय आहे, ते तुम्हाला आयतेच कळेल.

मॅनेजरांशी बोलायचे ते वार्षिक मूल्यमापनाच्या तोंडावर बोलू नका. तुमच्या कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च असेल, तर जानेवारीपर्यंत बहुतेकांची मते पक्की झालेली असतात. हे बोलणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व्हायला हवे. ‘माझी बढती का झाली नाही?’ या प्रश्नाला सांत्वनाचे उत्तर मिळते. त्याऐवजी असे विचारा : ‘सीनियर पदाच्या अपेक्षांपैकी कोणत्या दोन गोष्टी माझ्या कामात दिसल्या नाहीत, हे एखाद्या उदाहरणासह सांगाल का? आणि येत्या सहा महिन्यांत त्या दाखवता येतील असा कोणता प्रश्न माझ्याकडे सोपवाल?’ याच्या जोडीला तिसरा प्रश्नही विचारा, जो विचारायला बहुतेक लोक बिचकतात : ‘आपल्या टीमला सीनियरची गरज आहे का?’ कारण बढतीसाठी केवळ तुमची पात्रता पुरत नाही, त्या पदाचे काम तिथे असावे लागते आणि त्याच्या पगाराची तरतूदही व्हावी लागते. तुमच्याकडे असलेला भाग आता स्थिरावला असेल आणि त्यात केवळ किरकोळ दुरुस्त्या उरल्या असतील, तर तुम्ही कितीही चांगले काम केले तरी तिथून सीनियर पद निघणार नाही. तुम्हाला दुसरा भाग मागावा लागेल. बोलणे झाल्यावर त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल पाठवून ठरलेले लिहून ठेवा. मॅनेजर बदलले तर हाच ईमेल उपयोगी पडतो, आणि आपल्या क्षेत्रात मॅनेजर बदलतातच.

नवे अंगावर घ्यायचे तर जुने सोडावे लागेल, आणि तुमच्यासारख्या काटेकोर व्यक्तीला हीच गोष्ट सर्वांत जड जाईल असा माझा अंदाज आहे. टेस्टिंगमधून आल्यामुळे प्रत्येक तिकीट, म्हणजे कामाची किंवा दोषाची नोंद, तुम्ही स्वतः तपासत असाल, रिलीजच्या नोंदी स्वतः लिहीत असाल, रात्री अकराला बिल्ड, म्हणजे प्रणालीची नवी तयार प्रत, पाहत असाल. ते सगळे तुमच्यावाचून अडते, अशी तुमची ख्याती असेल तर तीच तुम्हाला धरून ठेवते, कारण जिच्यामुळे घडी बसली आहे तिला हलवायला कोण तयार होईल? यांपैकी निदान निम्मे काम पुढच्या दोन महिन्यांत एखाद्या नवख्या असोसिएटला शिकवून त्याच्या हवाली करा, त्याच्याकडून एखादी चूक झाली तरी परत ओढून घेऊ नका, आणि मोकळा झालेला वेळ फौंड्रीत व त्या एका पानावर खर्च करा.

आता तुमचे तीन मार्ग. एमबीए या बढतीसाठी करू नका. तुम्हाला दिलेल्या दोन्ही शेऱ्यांवर वर्गात बसून उत्तर मिळणार नाही. हिशेब, किंमत ठरवणे आणि नूतनीकरणाचे गणित यांत तुम्ही कच्च्या असाल तर कंपनीच्या अकाउंट्समधील कोणाकडे तरी महिनाभर जाऊन बसा, ते अधिक कामी येईल. पुढे कधी विक्री किंवा व्यवसायाच्या बाजूला जायचे ठरले तर पदवीचा वेगळा विचार करता येईल.

पुण्याला राहायला जाण्याचे कारण घरच्या सोयीचे असेल तर अवश्य जा, पण केवळ बढतीसाठी बिऱ्हाड हलवू नका. जाण्याच्या वेळा मात्र बदला. महिन्यातला एक दिवस नेहमीच्या स्प्रिंट मीटिंगला, म्हणजे दर काही आठवड्यांच्या कामाच्या बैठकीला, घालवण्यापेक्षा तिमाहीचे नियोजन असेल तेव्हा सलग तीन-चार दिवस जा, सेल्सच्या माणसांसोबत जेवा, आणि ज्या विभागप्रमुखांशी तुमचे कधी बोलणे झालेले नाही त्यांच्याकडे फौंड्रीत पाहिलेले सांगायला अर्धा तास मागा. त्यांना तो अर्धा तास आवडेल. शॉप फ्लोअरवरची खरी हकीकत त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

नोकरी बदलण्याचा मार्ग मी नाकारत नाही. तुम्ही स्पष्ट प्रश्न विचारूनही दुसऱ्यांदा गुळगुळीतच उत्तर मिळाले, किंवा मागितलेला मोठा विषय तुम्हाला न देता दुसऱ्याला दिला गेला, तर उणीव तुमच्यात शोधत बसू नका. बाहेर पाहायला लागा. बाहेर सीनियर हे नाव लवकर मिळते, कधी कधी फारच लवकर, आणि मोठ्या कंपनीत जाताना त्याच नावाची एक पायरी खाली उतरवूनही घेतली जाते. म्हणून मुलाखतीत पदाच्या नावापेक्षा तीन गोष्टी विचारा : पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडे कोणता प्रश्न असेल, तो सोडवण्यासाठी किती इंजिनिअर असतील, आणि तो प्रश्न सध्या कोण हाताळत आहे. तिसऱ्या प्रश्नाला ‘कोणीच नाही’ असे उत्तर आले आणि पहिल्याचे उत्तर तरीही नेमके असेल, तर पगाराची बोलणी करायला हरकत नाही.